तारीख मागे करणारा

"ऐकू येत नाही का?" बाबांनी पडद्यावरचं वाक्य मोठ्यांदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या माणसाला म्हणाले, "हे असं विचारतात पेशंटला? येत नाही म्हणूनच तर आलोय ना?"

ठमीला वाटलं, धरणीने आत्ताच्या आत्ता आपल्याला पोटात घ्यावं.

बाबांच्या बोलण्यामुळे नव्हे. बाबांच्या बोलण्याची तिला सवय होती. कान जायला लागल्यापासून ते सगळ्या जगाशी भांडल्यासारखेच बोलायचे. तिला घाम फुटला तो पडद्यावरच्या लाल अक्षरांनी. "वर्षभर सांगतेय, जुनी आवृत्ती बंद होणार आहे, नवीन घ्या. ऐकू येत नाही का?" हे शब्द तिचे होते. एका रविवारी, डोकं पार फिरलेलं असताना, दातओठ खात तिनेच लिहिलेले. आणि एवढं मोठं जग सोडून ते उगवले कुठे, तर कान तपासायच्या खोलीत.

"माफ करा हं काका, हे तुम्हाला नाही, मला आहे," तो माणूस म्हणाला. पांढरा कोट, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, खिशाला पेन. "सकाळी रिसेप्शनवरच्या मावशींनी चांगुलपणा केला. कॉम्प्युटरची तारीख चुकलीय म्हणून बरोबर करून ठेवली. तारीख बरोबर झाली की ही बया ओरडते."

"कोण बया?" ठमीने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"आहे एक. आमच्या मशीनचा प्रोग्रॅम जिच्या लायब्ररीवर चालतो ती." बोलता बोलता त्याने पडद्याच्या कोपऱ्यात क्लिक केलं आणि तारीख सरळ गेल्या वर्षात नेऊन ठेवली. लाल अक्षरं गायब. "झालं. चला काका, आत बसा."

ठमी बघतच राहिली. अमुक तारीख उलटली की ओरडून अडून बसायचं, ही अट घालताना तिने किती डोकं लावलं होतं. कुणी फाइल बदलली तर काय, कुणी इंटरनेट तोडलं तर काय, सगळा विचार केला होता. हा माणूस घड्याळच मागे फिरवील, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. माणसं अशी असतात. त्यांना नवीन घ्या म्हटलं तर ती काळच मागे नेतील, पण नवीन घेणार नाहीत.

आता ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. मोजमाप करणारी यंत्रं असतात ना, कुठे वजनाची, कुठे तापमानाची, कुठे कानाची, ती सगळी आपापल्या तऱ्हेने आकडे ओकतात. ते आकडे निवडून-पाखडून एका सरळ तक्त्यात मांडणारा, पायथन भाषेतला तयार कोड म्हणजे ठमीची 'चाळणी'. कॉलेजात असताना तिने हौसेने लिहिली आणि फुकट वाटली. तेव्हापासून ती जी मानगुटीवर बसली ती बसलीच. पोटापाण्याची नोकरी वेगळी. चाळणीचे लाड सकाळी ऑफिसच्या आधी आणि रविवारी.

आणि लाड तरी किती पुरवायचे? पायथनची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. निघते ती निघते, वर जुन्यातलं काहीतरी मोडून निघते. शिवाय चाळणी विंडोजवर चालली पाहिजे, मॅकवर चालली पाहिजे, लिनक्सवरही चालली पाहिजे. त्यासाठी ठमीच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर होते. त्यांना ती नणंदा म्हणायची. थोरली विंडोज, तिला फायलीच्या नावात हे चालत नाही, ते चालत नाही. मधली मॅक नखरेल, घरातल्याच माणसाला 'तुम्ही कोण' विचारणारी. धाकटी लिनक्स कामसू खरी, पण नावातलं एक अक्षर लहानमोठं झालं की घर डोक्यावर घेणारी. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसून बसलेली. त्यात पुन्हा प्रत्येकीवर जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या चालवून बघायच्या.

म्हणून तिने ठरवलं होतं, जुनं बंद. पायथनची थ्री-एट नावाची आवृत्ती आणि तिला धरून बसलेलं जुनं विंडोज, दोघांनाही नारळ द्यायचा. सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलं. एक सोडून. 'कर्णोपकर्णी' नावाचा कुणी एक इसम सारखा लिहीत राहिला की आमच्या मशीनची वायर फक्त जुन्या विंडोजला चालते, त्याच्यावर थ्री-एटच्या पुढचं काही चढत नाही, कृपया विचार व्हावा. इतक्या सभ्यपणे लिहायचा की ठमीला जास्तच राग यायचा. शेवटी तिने उत्तर ठोकलं होतं, "नाही. जमणार नाही."

काचेच्या आड, आवाजबंद खोलीत, बाबा हेडफोन लावून बसले होते. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, इकडे दिवा लागतो. बाबा धडाधड दाबत होते.

"वा," ठमी म्हणाली. "म्हणजे ऐकू येतंय की."

"नाही." कानवाल्याने तिच्याकडे वळून सांगितलं. "ते माझा हात बघतायत. हात हलला की दाबतात." त्याने उगाच नाक खाजवलं. दिवा लागला. "बघा."

ठमीला हसू आलं, आणि मग ते कुठे ठेवावं ते कळेना. कारण तो अजून तिच्याकडेच बघत होता. त्याला समोरच्याच्या चेहऱ्याकडे सरळ बघून, सावकाश, ओठ नीट दिसतील असं बोलायची सवय होती. ही धंद्यातली सवय, हे ठमीला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

"आणि ती… बया," ती म्हणाली. "तिला सांगितलं नाहीत कधी तुमची अडचण?"

"कितीदा. भेटली तर आधी तिचेच कान तपासणार आहे."

"कर्णोपकर्णी म्हणजे तुम्ही?"

त्याचा हात मशीनवरच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी ती बया."

आत बाबांनी कंटाळून आपल्या मनानेच बटण दाबायला सुरुवात केली होती. दिवा लागत होता, विझत होता, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

शेवटी तोच म्हणाला, "जमणार नाही, असं लिहिणारी बाई… मला वाटलं होतं चांगली वयस्कर असेल. छडी वगैरे घेतलेली."

"छडी घरी ठेवून आलेय."

रिपोर्ट छापून आला. वर तारीख गेल्या वर्षाची. कानवाल्याने खिशातलं पेन काढलं, सवयीने तारीख खोडली आणि बाजूला हाताने खरी लिहिली. सगळ्या रिपोर्टांवर तो असंच करायचा. ठमीला ती खाडाखोड बघवेना. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

बाबांना कानातलं यंत्र लागणार हे ठरलं. मग माप घ्यायला जा, यंत्र बसवायला जा, आवाज कमी-जास्त करून घ्यायला जा. बाबा एरवी एकटे चार गावं फिरून येतील, पण दवाखान्यात ठमी सोबत लागायची. म्हणजे असं ठमी ऑफिसात सांगायची.

"आज उशीर?" एकदा त्याने विचारलं.

"मधल्या नणंदेने घात केला. काल सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या, आज तिच्यावर सगळ्या लाल. कोडला हातही लावला नाही मी."

"मग?"

"मग काय. तिने रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतलं, मला न विचारता. आणि लोक मला लिहितात की ताई, तुमची चाळणी बिघडली. मी बिघडवली? मी?"

तो बाबांच्या कानातलं यंत्र पुसत होता. हसला नाही, पण न हसायला त्याला कष्ट पडत होते. "तुम्ही चिडलात की खालचा ओठ चावता."

"तुम्ही सगळ्यांचे ओठ बघत असता का?"

"पेशंट माझे बघतात. मी… एवढ्यातच बघायला लागलोय."

ठमी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक सायकल स्टँड होता.

"तसंही," तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या कॉम्प्युटरच्या हिशोबाने आपण अजून भेटलेलोच नाही. त्यामुळे मी काही बोललो असेन तर ते धरू नका."

"मग धरण्यासारखं कधी बोलणार?"

"ते तुमच्या हातात आहे," म्हणाला, आणि लगेच जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

तो गप्प का झाला, ते तिला मावशींकडून कळलं. निघताना मावशींनी हळूच सांगितलं की पुढच्या महिन्यापासून सगळे रिपोर्ट थेट मुख्य शाखेत जाणार, तेही नव्या साच्यात. चुकीच्या तारखेचा रिपोर्ट तिकडे घेणारच नाहीत. या मशीनला ते जमत नाही म्हणून दवाखान्याच्या मॅडम ही खोलीच बंद करतायत, आणि याची बदली दुसऱ्या शाखेत. गाडीने एक अख्खा दिवस लागतो तिकडे जायला.

ठमी बाबांना तिथेच बाकावर बसवून परत आत गेली.

"बदलीचं सांगितलं का नाहीत मला?"

"सांगून काय करायचं होतं?"

"काय म्हणजे? नवा साचा चाळणीत आहे. नव्या चाळणीत. ती तुमच्या जुन्या थ्री-एटवर आणायची की नाही, हे मी ठरवते. मला विचारता आलं असतं ना?"

"विचारलं होतं की. तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते."

"म्हणूनच आता विचारत नाही." तो नेहमीसारखा समोर बघून, सावकाश बोलत होता, आणि त्याचा तो सावकाशपणा ठमीला सहन होईना. "ऐकू न येणं आणि ऐकायचं नसणं, यातला फरक ओळखणं हेच माझं काम आहे. तुम्हाला नीट ऐकू गेलं होतं. पण तुम्ही थकला होतात. थकलेल्या माणसाला ओळखीच्या जोरावर पुन्हा तेच मागायचं, मला नाही जमत."

त्याने गळ घातली असती तर तिला ठणकावून नाही म्हणता आलं असतं. भांडला असता तर भांडता आलं असतं. हा माणूस शहाण्यासारखा वागून मोकळा झाला, आणि सगळं ओझं हिच्या डोक्यावर. ठमी पाय आपटत घरी आली.

घरी आल्यावर टेबलाशी बसली आणि मनाशी म्हणाली, बघावं तरी किती काम आहे. नुसतं बघायला काय जातं? मग तिने बघितलं. तारखेची अट काढणं एका ओळीचं काम होतं. पण नवा साचा लिहिताना तिने पायथनच्या नव्या सोयी अशा सढळ हाताने वापरल्या होत्या की थ्री-एटला त्यातलं अर्धं कळतच नव्हतं. सगळं उकलून जुन्या पद्धतीने पुन्हा विणायचं. आणि एकदा केलं की झालं असं नाही. जुनं सांभाळायचं म्हणजे पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी सांभाळायचं.

"काय मेलं एकेक," ती पुटपुटली. "यांना हे कळत नाही, त्यांना ते चालत नाही. मी काय सगळ्यांची आई आहे?"

"ठमे," मागून बाबांचा आवाज आला. ते वर्तमानपत्र खाली करून बघत होते, कानात नवं यंत्र. "तू रोज हे असं बोलतेस?"

"कसं?"

"हे असं, कुणाकुणाला शिव्या देत. मला वाटायचं, पोरगी काम करताना गुणगुणते. मला बरं वाटायचं. मी सगळ्यांना सांगायचो."

एवढी वर्षं ती करवादत होती आणि एवढी वर्षं बाबा पलीकडच्या खुर्चीत बसून ते गाणं समजत होते. ती उठली, त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसली.

"कुणाशी चाललंय भांडण?" त्यांनी विचारलं.

"थ्री-एटशी."

"मग सोडून दे त्याला."

"सोडलं तर तो जाईल हो, बाबा."

"कोण, थ्री-एट?"

ठमी खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडायला लागली.

"ठमे," बाबा म्हणाले आणि कानामागच्या यंत्राला बोट लावलं, "आता मला ऐकू येतं." आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

मग तिने केलं. रोज सकाळी, ऑफिसच्या आधी, चहा गार होऊ देत, शिव्या देत. फक्त आता बाबा ऐकतात म्हणून जरा सभ्य शिव्या. धाकटी नणंद लगेच राजी झाली. मधलीने नेहमीचे नखरे करून मान डोलावली. थोरली मात्र हटून बसली. नव्या विंडोजवर चालेना आणि जुन्यावर तर नाहीच. रिपोर्टची फाइल तयारच होईना. ठमीने सगळं उलटंपालटं केलं, थ्री-एटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी कळलं ते काय, तर ठमी फायलीच्या नावात तपासणीची वेळ घालत होती, तास आणि मिनिटांच्या मध्ये दोन टिंबं देऊन. आणि थोरलीला फायलीच्या नावात ती दोन टिंबं चालत नाहीत. एवढंच. दोन टिंबांच्या जागी आडवी रेघ आली, आणि सगळं हिरवंगार झालं. ठमीने डोकं टेबलावर टेकलं. रडावं की हसावं ते तिला कळेना, म्हणून तिने आधी अंघोळ केली.

महिना संपत आला होता. ती बाबांना घेऊन दवाखान्यात पोचली तेव्हा कानवाला खोलीतलं सामान खोक्यात भरत होता. भिंतीवरचं कानाचं चित्र उतरवलेलं, त्याच्या जागी एक चौकोन तेवढा स्वच्छ राहिलेला. ठमीने काही न बोलता पेन ड्राइव्ह त्याच्यासमोर धरला.

"हे काय?"

"चढवा. आणि उपकार म्हणून बघू नका माझ्याकडे. अशी मशीनं धरून बसलेले तुम्ही एकटे नसणार. बाकीचे नुसते गप्प आहेत. तुम्ही बिनओळखीचे असतानाच मी हे करायला हवं होतं, तेव्हा केलं नाही, त्याचा मला राग आहे. तुमच्यावर नाही, माझ्यावर. म्हणजे तुमच्यावरही आहे."

त्याने ते चढवलं. मग माउस तारखेवर नेला आणि थांबला.

"पुढे करू?"

"करा."

गेलं वर्ष सरकन निघून गेलं, आजची तारीख आली. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. लाल अक्षरं आली नाहीत. खाली एक बारीकशी राखाडी ओळ आली, आणि त्याने ती नेहमीसारखी सावकाश वाचली, "जुनी आवृत्ती दिसतेय. हरकत नाही, चालेल."

त्याने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "रिपोर्ट निघतो का ते बघायला हवं. मुख्य शाखेला एक पाठवून दाखवतो. पण त्याला पेशंट लागेल."

"बाबा आहेत ना बाहेर."

"काका हात बघतात," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

दार बंद झालं आणि जगाचा आवाज तुटला. आतली शांतता अशी होती की ठमीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. चिडायलासुद्धा माणसाला थोडा आवाज लागतो. इथे तोही नव्हता. कानांवर जड हेडफोन, हातात बटण, काचेपलीकडे तो. बारीक बारीक शिट्या येत गेल्या, ती बटण दाबत गेली. मग शिट्या थांबल्या आणि त्याचा आवाज आला, अगदी कानात.

"आता बोलण्याची चाचणी. ऐकू आलं तर बटण दाबायचं. दाबलं नाही तरी चालेल… मी समजेन. दर वाक्याला आवाज कमी करत जाणार आहे."

तिने मान हलवली.

"तुम्ही फार चिडता."

दिवा लागला.

"बदली टळेल याचा मला आनंद झालाय." आवाज आणखी खाली गेला. "नोकरीपायी नव्हे."

ठमीने बटण दाबलं. तिला वाटलं, आपल्या छातीतला ठोका समोरच्या माइकमधून त्याला ऐकू जात असणार.

त्याने बटणावर हात ठेवून आवाज पार तळाला नेला. आणि मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याने कधीच कुणासमोर केली नव्हती. त्याने मान वळवली. ओठ दिसू नयेत म्हणून. तिने बघून उत्तर देऊ नये, खरंच ऐकू आलं तरच द्यावं म्हणून. ठमीने त्या वळलेल्या मानेकडे बघितलं. केवढा हा शहाणपणा, केवढा सभ्यपणा, आणि किती तो वेळ लावायचा माणसाने.

तिने बटण दाबलं.

तो दचकून वळला. "अजून मी काही बोललोच नाहीये."

"माहीत आहे," ती आतल्या माइकमध्ये म्हणाली. "तुम्ही बोला सावकाश. मी उत्तर देऊन ठेवलंय."

मग त्याने आवाज पुन्हा वर आणला, चांगला वर, आणि सरळ तिच्याकडे बघून, एकेक शब्द नीट दिसेल असं म्हणाला, "ठमी, मला तू आवडतेस. चिडचिडीसकट."

ती बाहेर आली तोवर रिपोर्ट छापून येत होता.

"एका ठिकाणी आवाज नसताना प्रतिसाद दिलाय," तो म्हणाला. "तशी नोंद करावी लागेल मला."

"कर," ठमी म्हणाली.

त्याने कागद हातात घेतला, सवयीने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वरची तारीख खोडायला हात नेला. तिथे आजची तारीख होती. हात तसाच थांबला. मग त्याने टोपण लावलं आणि पेन परत खिशात ठेवलं.